एक नाव जास्तीचं

आयरिश बाई जनगणनेत दहा वर्षांत फक्त सात वर्षांनी मोठी होते, हा विनोद वंशावळी शोधणाऱ्या मंडळींत इतका जुना झाला आहे, की आता त्यावर कुणी हसतही नाही. कोलेट तर पहिल्यांदा ऐकला तेव्हाही हसली नव्हती. तीस वर्षं तिनं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. खाटकाचा तराजू, पेट्रोलपंपाचा मीटर, मोसमात चेरी विकणाऱ्यांचे काटे, सगळ्यांवर पितळेची प्रमाण वजनं ठेवून ती आधी काट्याकडे बघायची आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे. काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, असं तिचं म्हणणं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी आणलेला केक डब्यावर लिहिल्यापेक्षा वजनाला कमी आहे, हेही तिनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

आता त्रेसष्टाव्या वर्षी ती पोर्ट हॅलममधल्या आपल्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेली असायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिच्या आईची कॉट होती. रोझलीनबाईंना अठ्ठ्याऐंशी वर्षं पुरी झाली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते, पण बाईंनी टेकले नव्हते. खिडकीतून मिशिगन सरोवर दिसायचं, आणि हवा स्वच्छ असली की पार क्षितिजाला कार्न बेटाची काळी रेघ.

"मला तिथं पुरायचं," आईनं वसंतात एकदा जाहीर केलं. "आणि जागा दोन घ्यायच्या. एक माझी, एक तुझी."

"मला कशाला आत्तापासून? माझं मी बघेन."

"दोन म्हटलं ना कॉली. दोनच."

कार्न बेटावरचं दफनस्थान म्हणजे काही बाजारातली जागा नव्हती. आयर्लंडच्या एकाच किनाऱ्यावरून आलेल्या कोळ्यांची ती वस्ती. त्यांच्या मंडळाचा नियम असा, की ज्याचं मूळ बेटावर, त्यालाच तिथली माती. कोलेटनं फोन केला तेव्हा मंडळाच्या प्रमुख मिस विनी रॉडी यांनी चार वाक्यांत विषय आटोपला होता. "तुमची कोण होती इथं? ऑनर गिल्डे? बरं. तिच्या थडग्याचा दगड दाखवा, नाहीतर तिचं घर दाखवा. म्हणजे बोलू."

ऑनर ही कोलेटच्या आजीची आजी. पोटाशी तान्ही मुलगी धरून मासळीच्या होडीतून ती बेटावरून पोर्ट हॅलमला आली, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट आजी सांगायची. ऑनरचे हात बारा महिने गार असत, म्हणून उन्हाळ्यातही तिचं लोणी कधी ओघळायचं नाही. कोलेटचे हातही तसेच. खात्यातले लोक तिच्याशी हस्तांदोलन करायचं टाळत. आईला मात्र ताप चढला की दुसरं काही नको, कोलेटचा हात कपाळावर हवा.

तर घर शोधायचं होतं, आणि घर शोधायचं तर जुन्या जनगणनेची पानं चाळायला हवीत. सरकारनं ती सगळी आता संगणकावर ठेवली आहेत. १८६० सालच्या पानांत नाव टाकल्याबरोबर ऑनर सापडली. डनलेव्ही नावाच्या कोळ्याच्या घरात आधी नवरा, मग बायको, मग उतरत्या वयाची पोरं, आणि तळाला ऑनर गिल्डे, वय एकोणीस, जन्म आयर्लंड.

"सापडली गं आई!" कोलेट तिथूनच ओरडली.

आईनं डोळे उघडले नाहीत. "कितव्या ओळीत?"

"शेवटच्या."

"हं," आई म्हणाली, आणि कुशीवर वळली.

दहा वर्षांनंतरच्या पानांत नाव टाकलं, तर ऑनर डनलेव्हीकडे नव्हे, रॉडीकडे निघाली. वय एकोणीस. कोलेटला तो शिळा विनोद आठवला. पुढच्या दहा वर्षांनी ती गॅलनकडे, आणि वय तिथंही एकोणीसच. सात वर्षांनी मोठी होणं वेगळं आणि अजिबात न होणं वेगळं. कोलेटनं चहा बाजूला सारला. बाजारात एक काटा खोटा निघाला की ती अख्खी ओळ तपासायची, एकही दुकान सोडायची नाही. तसंच आता तिनं बेट पहिल्या घरापासून वाचायला घेतलं.

संध्याकाळ झाली तरी ती उठली नाही. ऑनर प्रत्येक घरात होती. कुठं नुसतीच ऑनर, कुठं शाई उडालेली, कुठं आडनाव अर्धवट, म्हणून संगणकाला ती सापडली नव्हती. डनलेव्हीकडे होती, रॉडीकडे होती, गॅलनकडे होती, आणि ज्या मास्तरनं ही गणती केली त्याच्या स्वतःच्या घरातही होती. सगळीकडे एकोणीस वर्षांची, सगळीकडे शेवटच्या ओळीत.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिला बरं वाटलं. त्या काळी गणती करणाऱ्याला माणशी पैसे मिळत. मास्तरनं घरटी एक नाव वाढवून चार पैसे जास्तीचे खाल्ले होते! दीडशे वर्षांपूर्वीची लबाडी पकडल्याच्या आनंदात तिनं अंडी उकडली, आईला मऊ करून भरवली आणि सगळं रंगवून सांगितलं.

आई ऐकत राहिली. "तिन्ही वेळेला मास्तर एकच होता का?"

नव्हता. तीन गणत्या, तीन वेगळे मास्तर. आणि त्याहून मोठी अडचण कोलेटनं आपल्याच हातानं आधी शोधून ठेवली होती. पोर्ट हॅलमच्या चर्चच्या नोंदवहीत १८८४ सालचा एक बाप्तिस्मा होता. मुलीचं नाव ब्रिजिड, बाप नील्स आकर, जहाजावरचा आचारी, आणि आई ऑनर गिल्डे, राहणार कार्न बेट. खोट्या नावाला मूल होत नाही. ब्रिजिडची मुलगी अॅग्नेस, अॅग्नेसची रोझलीन, आणि रोझलीनची कोलेट. ही साखळी काही मास्तरच्या लबाडीतून आलेली नव्हती.

सोमवारी नर्स जोआन आली. दर सोमवारी आईचं वजन लिहायचं असे. बाईंना उभं राहवत नसल्यामुळे कोलेट त्यांना दोन्ही हातांवर उचलून काट्यावर चढायची आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करायची. स्वतःचं वजन तिनं सुरुवातीलाच एकदा करून ठेवलं होतं, एकशे बावन्न पौंड. काटाही साधासुधा नव्हता. खात्यानं मोडीत काढलेला लोखंडी काटा तिनं घरी आणला होता आणि महिन्याच्या महिन्याला ती तो पितळी वजनांनी तपासायची.

"मला काही कळत नाही," आकडा लिहिताना जोआन म्हणाली. "वसंतात एकशे बारा होत्या, आता नव्वदच्या खाली आल्या. आणि गाल बघा त्यांचे. तस्सेच."

"काटा बरोबर आहे."

"काट्याला मी काही म्हणतेय का बाई? तुम्ही जरा झोपत जा. तुमचाच चेहरा उतरलाय."

आई कॉटवरून दोघींकडे बघत होती. जोआन गेल्यावर ती म्हणाली, "बेटावर जाऊन ये लवकर. फार दिवस नाहीत."

"असं बोलू नये गं."

"मग कसं बोलू?"

कोलेटचा बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर या घरात आपण काय करू, हे तिला खरोखर दिसत नव्हतं, कितीही डोळे ताणले तरी. त्याच रविवारी जोआनला घरी बसवून ती बोटीवर चढली.

बोट लहान होती, कॅप्टन फर्गल गॅलन तरणाताठा. तिकिटं तो कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायला लावायचा. केबिनजवळ एक फळा होता, त्यावर प्रवाशांची संख्या खडूनं लिहायची असा कायदा. कोलेटनं सवयीनं डोकी मोजली. स्वतःला धरून सहा. फळ्यावर सात.

"तुमचा आकडा चुकलाय," तिनं सांगितलं.

"असेल."

"असेल काय? उद्या बोट उलटली, तर सातवा माणूस शोधत बसतील पाण्यात."

"बसू दे की," फर्गल हसून म्हणाला. "तेवढ्या वेळात बाकीचे सहा किनाऱ्याला लागतील." त्यानं आकडा पुसला नाही.

विनी रॉडींचं घर धक्क्यावरून वर जाणाऱ्या चढावर होतं. अंगणात धुरावलेल्या मासळीचा वास, दारात पुरुषी रबरी बूट, आणि ते बूट घालणारी ऐंशीच्या घरातली उंच बाई. तिनं कोलेटचा हात हातात घेतला आणि सोडायचाच विसरली.

"गार आहेत हात तुझे."

"रक्ताभिसरणाचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सांगितलं असेल," विनी म्हणाली. "बस. पाव गरम आहे."

टेबलावर सोडा घातलेला जाड पाव होता, लोणी होतं, काळाकुट्ट चहा होता. विनीनं टोपलीतून अंडी काढली ती मूठभर, न मोजता, आणि भांड्यात सोडली.

"आता सांग. ऑनर कुठल्या घरची?"

"तेच विचारायला आलेय, मिस रॉडी. ती तुमच्या सगळ्याच घरांत आहे. मला वाटतं, गणती करणाऱ्यांनी माणशी पैसे मिळतात म्हणून..."

"गणती करणाऱ्या माझ्या पणजोबांना चोर म्हणतेस," विनी म्हणाली, "आणि पाव माझ्याच घरचा खातेस. लोणी लाव जरा, कोरडा लागेल."

कोलेटचा चेहरा लाल झाला. विनीनं तिच्यासमोर बशी सरकवली आणि स्वतः खिडकीकडे बघत बोलत राहिली.

"आमच्यात मोजत नाहीत पोरी. जाळ्यातली मासळी मोजत नाहीत, पाण्यात गेलेल्या होड्या मोजत नाहीत, आणि घरातली माणसं तर नाहीच नाही. खरा आकडा तोंडातून गेला की तो कुणाच्या तरी कानावर पडतो."

"कुणाच्या?"

"ते विचारायचं नसतं. पण सरकारचा माणूस दारात आला तर त्याला आकडा द्यायला हवाच की. मग घरच्या बाईनं सगळ्यांची नावं सांगायची आणि शेवटी एक जास्तीचं. नसलेलं माणूस. पुढेमागे कुणी यादी घेऊन न्यायला आलंच, तर तिला न्यावं, आपल्यातलं कुणी नको. सगळ्या बेटानं मिळून एकच नाव ठरवलं होतं. ऑनर गिल्डे. या नावाचं कुणी कधीच नव्हतं, ना इथं, ना तिकडे देशात."

बाळाला दृष्ट लागू नये म्हणून त्याच्या गालावर काळी तीट लावतात, तशी ही बेटाच्या गालावरची तीट होती. कोलेटला ते ऐकून राग यायला हवा होता, सरकारी नोंदीत असला खेळ केल्याचा. पण तिच्या मनात एकच प्रश्न उरला.

"मग बाप्तिस्मा झालेलं ते मूल कुणाचं?"

किटलीचं झाकण थरथरत होतं, ते विनीनं नीट बसवलं.

"तिसऱ्या गणतीनंतरच्या हिवाळ्यात सरोवर गोठलं होतं," ती म्हणाली. "बोट येणं शक्य नाही, माणूस येणं शक्य नाही. आणि आमच्या या दारावर थाप पडली. बाहेर एक मुलगी, एकोणीस-वीसची. कुठून आलीस विचारलं, तर तिला सांगता येईना. दार उघडलं, उजेड दिसला, इतकंच आठवतं म्हणाली. नाव विचारलं, तर ते मात्र तिनं सांगितलं."

"कुणीतरी थट्टा केली असेल."

"माझ्या पणजीनंही तेच धरून चालायचं ठरवलं. पण आत तर घ्यायला हवंच होतं ना. नाव घेऊन बोलावलं आपण, मग आल्यावर दारात उभं कसं ठेवायचं? चांगली होती म्हणतात. कामाला वाघ. लोणी तर तिच्यासारखं कुणाचंच नाही. पुढे त्या आचाऱ्याशी लग्न केलं, पोर झालं, पलीकडे गेली. बेटानं मग तिचं नाव देणं बंद केलं. आलेल्या माणसाचं नाव पुन्हा देत नाहीत. ज्यानं त्यानं आपापलं वेगळं नाव द्यायचं ठरलं."

"आणि तिचा दगड कुठं आहे?"

"दगड नाही. या दारातून जिनं तिचं नाव दिलं होतं, ती माझी पणजी इथं वरच्या खोलीत गेली, दुपारी. त्याच दुपारी पलीकडे ऑनर कपडे धूत होती. पोरगी पाणी आणायला गेली आणि आली तर टबात कपडे, आणि टबाशी तिचा झगा, बूट, ॲप्रन. पुरायला काही नव्हतंच."

"नवऱ्याला सोडून गेली असणार," कोलेट म्हणाली. "बायका जातात."

"जातात," विनीनं मान्य केलं. मग तिनं कोलेटच्या हातांकडे पाहिलं. "तुझ्या आईनं जागा दोन मागितल्या ना?"

"हो. दुसरी माझी. हट्टच आहे तिचा."

"ऑनर आमच्या दारातून आत आली, म्हणजे ती आमच्या घरची. झालं, घर सापडलं तुझं. आईला सांग, जागा दिली." विनी उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. "पण एकच. दगडावर नावं दोन कोरा. खड्डा एकच लागेल."

"आणि माझी वेळ आली म्हणजे?"

"नाव तर असेल. ऑनरला तेवढंही मिळालं नाही."

म्हाताऱ्या माणसांचं बोलणं कुठून कुठं जाईल याचा नेम नसतो, असं मनाशी म्हणत कोलेट धक्क्यावर आली. काम झालं होतं. विनी तिच्या पाठोपाठ उतरली, फर्गलच्या कानाशी लागून काहीतरी बोलली आणि मागे न बघता चढावर निघून गेली. परतीच्या बोटीत कोलेटनं पुन्हा डोकी मोजली. या खेपेला फळ्यावरचा आकडा अगदी बरोबर होता, एकही जास्तीचा नव्हता. आपलं बोलणं पोराला लागलं म्हणायचं, असं वाटून ती खूश झाली.

घरी आली तर जोआन दारातच होती. दुपारी आईचा श्वास अडकला होता. आता ठीक होतं, पण आता ठीक म्हणजे किती ठीक, हे जोआननं सांगितलं नाही.

"एक जागा मिळाली आई. दगडावर दोन्ही नावं चालतील म्हणाल्या."

आईनं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. "चालेल," ती म्हणाली. "नाव तरी राहील."

ते शब्द कोलेटला खटकले. दोन बायका, मध्ये एवढं मोठं सरोवर, आणि तोंडी एकच वाक्य. ज्यानं त्यानं आपापलं वेगळं नाव द्यायचं ठरलं, हे विनीचं बोलणं रात्रभर तिच्या मनात घोळलं. सकाळी आईचं तोंड पुसून झाल्यावर ती टेबलाशी बसली. एकोणिसाव्या शतकाच्या पलीकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं, गरजच काय होती? १९५० सालची पानंही आता सगळ्यांना खुली होती. पोर्ट हॅलम, वॉटर स्ट्रीट. आजोबा. आजी अॅग्नेस. पणजी ब्रिजिड. रोझलीन, वय चौदा.

आणि शेवटच्या ओळीत कोलेट, वय तीन.

कोलेटचा जन्म त्यानंतर अकरा वर्षांचा.

निदान जन्मदाखल्यावर तसं होतं. तो दाखला ती चार वर्षांची असताना केलेला होता. कचेरीत पाणी शिरून जुनी नोंद गेली, असं आई सांगायची. तीन वर्षांच्या आधीचा तिचा एकही फोटो घरात नव्हता, कॅमेराच नव्हता म्हणे. आणि बाबा चिडवायचे, तू आम्हांला दारात सापडलीस. सगळेच बाप असं चिडवतात. तिला आपली अगदी पहिली आठवण विचारली, तर ती नेहमी एकच सांगायची. बर्फ, लाकडी पायऱ्या, दार उघडतं आणि पिवळा उजेड बाहेर पडतो.

ती पुढच्या खोलीत गेली.

"आई, पन्नास सालच्या गणतीला दार कुणी उघडलं होतं?"

आईनं मान तिच्याकडे वळवली. "मी," ती म्हणाली. "आई धोबीखान्यात कामावर होती, आणि ब्रिजिड आजी ऐकायला कमी. तिनं मला पढवून ठेवलं होतं. सगळ्यांची नावं सांग आणि शेवटी एक जास्तीचं."

"कोलेट."

"तोंडात आलं ते दिलं गं. वय तीन सांगितलं. मला धाकटी बहीण हवी होती."

बाहेर कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. कोलेट कॉटच्या कडेवर बसली.

"चौदा वर्षं काही झालं नाही," आई म्हणाली. "माझं लग्न झालं. मूल होईना. आणि एका हिवाळ्यात दार वाजलं. तुझे बाबा म्हणाले, कुणाचं तरी पोर चुकलंय, पोलिसांना कळवतो. मी खाली वाकून नाव विचारलं. तू सांगितलंस."

"घाबरलीस?"

"रात्रभर खुर्चीत बसून होते तुझ्याकडे बघत. सकाळी तू उठलीस आणि म्हणालीस, भूक लागली. मग कसली भीती."

कोलेटला रडू येईना. ती नुसती आईचा हात धरून बसली.

"ब्रिजिड आजीची आई गेली तेव्हा आजी पाणी आणायला गेली होती," आई म्हणाली. "जन्मभर तेच बोलायची, पाण्याला कशाला गेले म्हणून. दहा वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला, आठवतं? तेव्हाच जायची मी. सोपं झालं असतं. पण तुला कुठं ठेवून जाऊ?"

"आई, असं काही नसतं."

"बरं. नसतं."

सोमवार होता. काम करायचं तर काम करायचं, नाहीतर डोकं ठिकाणावर राहत नाही. जोआन यायच्या आत वजन करून ठेवावं म्हणून कोलेटनं काटा ओढला, दाराच्या उजेडात ठेवला आणि आईला उचललं. आई नेहमीइतकीच जड लागली. वसंतात लागायची तितकीच.

काटा एकशे सोळावर थांबला.

त्यातून एकशे बावन्न वजा करायचे होते.

ती उभीच राहिली. जोआनच्या वहीतले उतरत जाणारे आकडे तिला आठवले, आणि आईचे न उतरलेले गाल. दोघींचं मिळून वजन घटत होतं, आणि दर सोमवारी ती ती घट आईच्या नावावर मांडत आली होती. दुसऱ्या बाजूला कधी बघितलंच नव्हतं. स्वतःला पुन्हा तोलायचं कशाला, ते तर ठाऊकच होतं.

तिनं आईला अलगद कॉटवर ठेवलं, पांघरूण सारखं केलं.

मग ती एकटी काट्यावर चढली.

काटा जरासा हलला आणि चारावर थांबला. तिच्या अंगात स्वेटर होता, पायांत बूट, खिशात किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं भरेल तेवढंच.

ती उतरली. पेटीतून दहा पौंडांचं पितळी वजन काढलं आणि काट्यावर ठेवलं. दहा. काढलं. शून्य. काट्यात काही दोष नव्हता.

"किती भरलं गं?" आईनं विचारलं. तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता.

तीस वर्षांत कोलेटनं काट्यासमोर उभं राहून कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"आहे तेवढंच आहे आई."

"मग थांबते थोडी," आई म्हणाली. "हात दे."

कोलेटनं बूट काढून काट्याशेजारी नीट लावून ठेवले आणि हात दिला.